मान वळली की पास

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी पाहिलेल्या कॉलेज बास्केटबॉलच्या मॅचमधला एक पास अजून मनातून जात नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या जॅडविन जिममध्ये वरच्या रांगेत मी आणि माझा लेक बसलो होतो. बाहेर रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळपट ढिगारे, आत पॉपकॉर्नचा खारट वास, नारिंगी-काळ्या चौकड्यांचे कोट घातलेला बँड आणि लाकडी फ्लोअरवर करकरणारे बूट. दुसरा हाफ निम्मा झाला असेल. पाहुण्या संघातला एक पोरगा उजव्या अंगाला थ्री-पॉइंट लाइनच्या बाहेर उभा होता. त्याला गार्ड करणारा इतका पुढे सरकला होता, पासच्या वाटेत असा हात घालून उभा होता, की बॉल तिकडे जाणं शक्यच नव्हतं. पोरानं बॉलच्या दिशेनं एक पाऊल टाकलं, गार्ड आणखी पुढे झुकला, आणि तेवढ्यात पोरगा पाय रोवून वळला आणि त्याच्या पाठीमागून सरळ रिंगखाली पोचला. एकटा, दोन्ही हात वर. बॉल फ्री-थ्रो लाइनपाशी त्यांच्याच उंच खेळाडूकडे होता आणि त्याचं तोंड इकडेच होतं. त्याला तो कट, म्हणजे पोराची ती आत घेतलेली धाव, दिसली. त्याची नजर तिकडे जाऊन परत आलेली मला वरच्या रांगेतून दिसली. मग त्यानं बॉल डाव्या कॉर्नरला फेकला. तिथल्या पोरानं थ्री, म्हणजे लाइनबाहेरून तीन गुणांचा शॉट, टाकला, तो आत गेला, त्यांचा अख्खा बेंच उड्या मारत उठला. रिंगखालचा पोरगा हात खाली घेऊन डिफेन्सला पळाला.

“बरोबर पास होता, आई,” लेक म्हणाला. “कॉर्नर पूर्ण ओपन होता.”

रिंगखालचा त्याहून ओपन होता.

घरी जाताना रूट वनवर गाडीत आमचा यावरून वाद झाला. लेकाला आकड्यांचं वेड आहे, आणि आजचं कॉलेज बास्केटबॉल हे त्याच्यासारख्यांचंच राज्य आहे. त्याचं म्हणणं असं: कॉर्नरचे दहातले चार थ्री गेले, तर एका शॉटमागे 1.2 गुण मिळतात. तेच चार शॉट लाइनच्या एक पाऊल आतून मारले, तर 0.8. म्हणून शहाणा संघ मधल्या अंतरावरून शॉट घेतच नाही. एक तर रिंगपाशी जायचं, नाही तर लाइनबाहेर थांबायचं. कोच नेट ओट्सच्या अलाबामानं हे उघडपणे धर्मासारखं पाळलं आणि 2024 मध्ये फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे चार, गाठली. हे सगळं मला मान्य आहे. पण मग तेच गणित रिंगखालच्या एकट्या पोराला लाव की, मी म्हटलं. तिथून दहातले नऊ जातील. म्हणजे 1.8. लेक थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “पण तो पास मध्येच अडला असता तर?”

खरी गोष्ट त्या प्रश्नात होती. कॉर्नरला दिलेला पास उभ्या माणसाकडे जातो. कट मारणाऱ्याला दिलेला पास माणूस अजून पोचलेला नाही अशा जागी टाकावा लागतो. तो पूर्ण मोकळा झालेला दिसेपर्यंत थांबलात, तर गार्ड सावरलेला असतो. म्हणजे बॉल हातातून आधी सोडायचा आणि तो तिथे येईलच हे धरून चालायचं.

नागपूरला कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टवर हे मी शिकले. मार्चच्या दुपारी त्या सिमेंटची धग बुटाच्या तळव्यातून वर यायची. बॉल रबरी, त्याचे दाणे घासून गुळगुळीत झालेले, आणि रिंगला जाळी नसायची, त्यामुळे बास्केट झाला की नाही यावर रोज भांडण. आमचे सर एकच ड्रिल संध्याकाळभर करून घ्यायचे. एकजण फ्री-थ्रो लाइनपाशी बॉल धरून, एकजण विंगवर, म्हणजे बाजूला, एकजण तिला चिकटलेली. “बॉल नको पाहू, तिचं डोकं पाह्य. मान वळली का पास.” गार्ड करणारीनं बॉल कुठे आहे हे बघायला मान वळवली, की त्या अर्ध्या सेकंदात तिच्या पाठीमागची अख्खी जागा आपली. पास टप्पा देऊन, तिच्या कंबर आणि हाताच्या मधून. वेग जरा जास्त झाला तर बॉल सिमेंटवरून कानशिलापर्यंत उसळायचा, कमी झाला तर मागून येणारी उचलून न्यायची. आमचा संघ बुटका होता. मोठ्या विद्यापीठांच्या मुली आमच्यापेक्षा खांदाभर उंच, रिबाउंडला आम्ही त्यांच्या काखेतून वर बघायचो. आमच्याकडे शस्त्र असं हे एकच. आमची सेंटर आणि मी कॉलेजची सगळी वर्षं एकत्र खेळलो, एका डब्यात जेवलो, पॅसेंजर गाड्यांतून स्पर्धांना गेलो. माझा डावा खांदा खाली गेला की तिचा बॉल सुटलेला असायचा. मी हात वर करायच्या आधी.

लग्नानंतर न्यू जर्सीत आले, तेव्हा कळलं की या खेळीचं, गार्डच्या पाठीमागून जाणाऱ्या ‘बॅकडोअर’ कटचं, माहेर आमच्या प्लेन्सबरोच्या घरापासून गाडीनं फार तर पाव तासावर आहे. पीट कॅरिल 1967 ते 1996 प्रिन्स्टनचा कोच होता. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमचा, स्पेनहून आलेल्या पोलाद-कामगाराचा मुलगा. ठेंगणा, केस विस्कटलेले, हातात कसल्यातरी कागदाची गुंडाळी. प्रिन्स्टन ज्यात आहे त्या नामांकित विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, त्यामुळे देशातली सर्वात उंच, सर्वात चपळ मुलं त्याच्याकडे येणं शक्यच नव्हतं. येत ती अभ्यासात हुशार, बेताची उडी मारणारी. त्यांच्यासाठी त्यानं असा खेळ रचला की पाचही जणांना पास देता आला पाहिजे, पाचही जणांना बाहेरून शॉट मारता आला पाहिजे, आणि सेंटरनं रिंगखाली धक्काबुक्की करण्याऐवजी वर फ्री-थ्रो लाइनपाशी येऊन बॉल वाटला पाहिजे. सेंटर वर आला की त्याला गार्ड करणारा उंच माणूसही वर येतो. मग रिंगखाली कुणीच उरत नाही. ती रिकामी जागा हेच सगळं भांडवल.

1989 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत हा संघ जॉर्जटाउनविरुद्ध 50–49 असा एका गुणानं हरला, शेवटी त्यांच्या उंच अलॉन्झो मोर्निंगचा हात मध्ये आला. सात वर्षांनी, 14 मार्च 1996 ला, इंडियानापोलिसमध्ये समोर आदल्या वर्षीचा विजेता यूसीएलए होता. कॅरिलनं त्याच आठवड्यात संघाला फळ्यावर लिहून कळवलं होतं, की तो निवृत्त होतोय आणि फार आनंदात आहे. यूसीएलए 41–34 असा पुढे होता आणि त्यानंतरच्या सहा मिनिटांत त्यांना एकही गुण मिळाला नाही. स्कोअर 41–41. स्टीव्ह गुडरिच या सेंटरकडे बॉल, वर, जिथे तो कायम असायचा तिथेच. गेब लुईलिस हा पहिल्या वर्षाचा पोरगा विंगवर. गुडरिचचा टप्पा पास, लुईलिस पाठीमागून आत, रिंगजवळून बोर्डवर हलकेच टेकवलेला ले-अप, घड्याळात जेमतेम चार सेकंद उरलेली. 43–41. ही चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल सांगता येत नाही. दर वेळी मी लुईलिसकडे बघत नाही, गुडरिचच्या हातांकडे बघते. पोरगा अजून गार्डच्या खांद्याच्या बरोबरीतच असतो, तेव्हा बॉल सुटलेला असतो.

असं लिहिलं की वाटेल, जुनं ते सोनं म्हणून मी उसासे टाकतेय. तसं मुळीच नाही. त्या जुन्या काळात शॉट किती वेळात घ्यायचा हे ठरवणारं घड्याळच नव्हतं, आणि घड्याळ नसल्यामुळे जे व्हायचं ते बघवत नाही. 1979 मध्ये ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन बलाढ्य संघांच्या मॅचमध्ये हाफटाइमला स्कोअर 7–0 होता. सात-शून्य! डीन स्मिथच्या नॉर्थ कॅरोलायनाची ‘फोर कॉर्नर्स’ पद्धत म्हणजे चौघं चार कोपऱ्यांत पांगणार, मधला ड्रिबल करत वेळ काढणार. त्यात कौशल्य होतं, पण दोन पैसे देऊन आलेल्या माणसाला ते बघायला लावायचं म्हणजे अन्याय. 1985–86 च्या मोसमापासून पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सगळीकडे 45 सेकंदांचं घड्याळ आलं, 1993–94 मध्ये ते 35 वर आणलं, 2015–16 मध्ये 30 वर. मुलींच्या खेळात 30 सेकंद त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत आणि त्यांचा खेळ काही त्यामुळे उथळ झाला नाही. कॅरिलची पोरं 35 सेकंदांतली तीस-तीस सेकंद खर्च करायची, तोवर कंटाळून समोरच्या गार्डची मान वळायचीच. तीसच सेकंद हातात असली, तर ती वाट बघणं परवडत नाही, एवढाच फरक.

आणि दुसऱ्या टोकाचा वेडेपणाही याच खेळानं पाहिलाय, तोही मला तितकाच आवडतो. लॉस एंजेलिसच्या लॉयोला मेरीमाउंटमध्ये पॉल वेस्टहेडनं आपल्या संघाला सांगितलं होतं, बॉल हातात आला की सात सेकंदांच्या आत शॉट. 1989–90 च्या मोसमात त्यांनी सामन्यामागे सरासरी 122.4 गुण केले. त्या संघाचा हँक गॅदर्स 4 मार्च 1990 ला चालू मॅचमध्ये कोर्टवर कोसळला आणि गेला. त्याचा मित्र बो किंबल पुढच्या स्पर्धेत प्रत्येक मॅचमधला आपला पहिला फ्री-थ्रो डाव्या हातानं टाकत राहिला. गॅदर्स फ्री-थ्रो डाव्या हातानं टाकायचा, म्हणून. ते सगळे फ्री-थ्रो आत गेले. धावाधाव करणारा, वरवर बेशिस्त दिसणारा तो संघ आतून किती घट्ट बांधलेला होता, हे त्या डाव्या हातात दिसतं.

थ्रीवर माझा राग आहे असं लेकाला वाटतं. त्याला मी आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कची आठवण करून दिली. 15 फेब्रुवारी 2024 ची ती रात्र आम्ही दोघांनी सोफ्यावर एकत्र पाहिली होती. एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या महिला बास्केटबॉलमधल्या सर्वाधिक गुणांचा केल्सी प्लमचा 3,527 चा विक्रम मोडायला तिला आठ गुण हवे होते. मॅच सुरू होऊन अडीच मिनिटंही झाली नव्हती, तोच ती मधल्या लोगोपाशी आली आणि तिथूनच थ्री टाकला. मी किंचाळले होते. त्या रात्री तिचे 49 गुण झाले, आणि ज्याच्याबद्दल लोक कमी बोलले ते 13 असिस्ट, म्हणजे थेट बास्केट करून देणारे पास. मला तिच्यातलं सगळ्यात जास्त हेच आवडायचं. लोगोवरून शॉट येऊ शकतो म्हटल्यावर गार्ड करणारीला तीस फुटांवर जाऊन चिकटावं लागायचं, दुसरीला मदतीला धावावं लागायचं, आणि मागे केवढं मैदान रिकामं! त्या रिकाम्या जागेत आयोवाच्या मुली कट मारायच्या आणि क्लार्कचा पास त्यांच्या आधी तिथे हजर असायचा.

म्हणजे थ्रीनं कट संपवला असं म्हणताच येत नाही. थ्री लाइन 1986–87 ला आली तेव्हा 19 फूट 9 इंचांवर होती. आज ती 22 फूट पावणेदोन इंचांवर आहे. लाइन जितकी लांब, गार्ड तितका बाहेर, मागची जागा तितकी मोठी. कॅरिलची पोरंही थ्री आणि ले-अप याशिवाय फारसं काही घेत नसत. आजच्या आकडेवाल्यांना जे शॉट हवेत तेच शॉट तो माणूस कागद गुंडाळून ओरडत मिळवत होता. आज तर सगळेच पाच जण बाहेर पसरवून खेळतात. बॅकडोअरसाठी याहून चांगला काळ कधी आला नव्हता. जागा आहे, शूटर आहेत, पास देणारे उंच सेंटर आहेत. कमी पडतंय ते एकमेकांसोबत घालवलेलं आयुष्य.

कारण 2021 पासून एकदा, आणि 2024 पासून कितीही वेळा, एक वर्ष बाहेर न बसता पोरांना कॉलेज बदलता येतं. नावावर पैसे मिळवायची मुभाही 2021 मध्येच आली. वसंत ऋतूत संघ फुटतात आणि शरद ऋतूत नवे जुळतात. अशा जेमतेम ओळख झालेल्या पाच जणांना कोच काय शिकवणार? वर येऊन एक स्क्रीन लाव (गार्डच्या वाटेत आडवा उभा राहा), बॉलवाल्याला आत घुसू दे, मदत आली की कॉर्नरला फेक. हे दोन महिन्यांत जमतं आणि मॅचही जिंकून देतं. पोरांना मी दोष देणार नाही. ज्यांच्या जिवावर कोचांनी लाखो डॉलर्स कमावले, त्या पोरांना पैसा आणि स्वातंत्र्य मिळालंच पाहिजे, फार आधी मिळायला हवं होतं. 2025 मध्ये झेवियन ली प्रिन्स्टन सोडून त्या वर्षीच्या विजेत्या फ्लोरिडाकडे गेला तेव्हा मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी त्याच्यासाठी बरंही वाटलं. आयव्ही लीग आजही खेळाची शिष्यवृत्ती देत नाही, खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देण्याच्या नव्या व्यवस्थेतही ती सामील झालेली नाही. माझा लेक त्याच्या जागी असता, तर मी त्याला थांब म्हटलं असतं का? नसतं म्हटलं.

माझ्या या सगळ्या म्हणण्याला छेद देणारा संघही आहे, आणि तो शेजारच्याच भागातला आहे. डॅन हर्लीच्या कनेटिकटनं 2023 आणि 2024, लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, दोन्ही वेळा स्पर्धेतले सहाच्या सहा सामने किमान 13 गुणांच्या फरकानं. त्यांचा हल्ला बघताना बॉलकडे बघून काहीच कळत नाही. खरी धावपळ बॉलपासून लांब चाललेली असते. एक स्क्रीनमागून निघतो, दुसरा त्याच्या उलट दिशेनं, तिसरा त्या दोघांना झाकून स्वतःच आत सरकतो. आणि दुसऱ्या विजेतेपदाच्या संघातला सगळ्यात तिखट शूटर कॅम स्पेन्सर तिथे एकाच वर्षासाठी आला होता, आमच्या रटगर्सहून. एका उन्हाळ्यात तो ती सगळी भाषा शिकला. तेव्हा एकत्र घालवलेली चार वर्षंच लागतात असं काही नाही. मात्र त्यासाठी असा कोच लागतो, ज्याला ते शिकवण्याचा ध्यास आहे, आणि असा पोरगा, जो वीस वेळा फुकट कट मारेल आणि एकविसाव्या वेळी तेवढ्याच जोरानं जाईल. फुकट गेलेल्या कटची नोंद कुठल्याच स्कोअरशीटवर होत नाही. खो-खोत नुसत्या हुलकावणीनं पळणाऱ्याला दमवून टाकणाऱ्या गड्यासारखं आहे ते. गडी टिपतो तिसराच, श्रेयही तिसऱ्यालाच मिळतं.

त्या शनिवारचा पोरगा मला म्हणूनच टोचत राहिला. पुढच्या वेळी तो इतक्या जोरानं आत जाईल का?

ऑगस्ट 2022 मध्ये कॅरिल गेला. प्रिन्स्टननंतर तो बरीच वर्षं सॅक्रामेंटो किंग्ज या व्यावसायिक संघाकडे सहायक कोच होता, आणि व्लादे दिवाच, क्रिस वेबर यांच्या त्या देखण्या पासिंगमध्ये त्याचा हात होता. पुढच्याच मार्चमध्ये प्रिन्स्टन स्पर्धेत पंधरावं मानांकन घेऊन उतरलं, समोर दुसऱ्या मानांकनाचा अ‍ॅरिझोना, आणि मॅच नेमकी सॅक्रामेंटोत. कोच मिच हेंडरसन. 1996 च्या विजयानंतर दोन्ही हात उंचावून हवेत उडालेला जो पोरगा फोटोत दिसतो, तोच. बॉल वाटणारा तोसान एव्बुओम्वान, इंग्लंडातल्या न्यूकॅसलचा, आधी फुटबॉल खेळलेला. घोळक्यात पाठ करून उभा राहायचा आणि मागे कोण धावतंय ते त्याला कळायचं. शेवटची साडेचार मिनिटं अ‍ॅरिझोनाला एक गुण मिळाला नाही, प्रिन्स्टननं ओळीनं नऊ केले, 59–55. पुढे मिसुरीलाही हरवून ते शेवटच्या सोळांत पोचले. त्या आठवड्यात आमच्या भागातल्या ज्या ज्या मराठी घरी गेले, तिथे ज्यांना पिक-अँड-रोल म्हणजे काय हेही ठाऊक नाही, अशी माणसं चहा घेताना एव्बुओम्वानचं नाव अडखळत का होईना घेत होती. मला फार भरून आलं होतं.

आता लेकानंच मला एक नवा नाद लावलाय. 1996 च्या त्याच संघात ब्रायन अर्ल नावाचा पहिल्या वर्षाचा खेळाडू होता. तो पुढे कॉर्नेलचा कोच झाला आणि त्यानं प्रिन्स्टनचा तो संथ खेळ तुफान वेगात आणला. दहा-बारा जण आलटून पालटून उतरवायचे, घड्याळाची निम्मी सेकंदंही वापरायची नाहीत, थ्रीचा मारा करायचा, आणि मध्येच कुणाची मान वळली की बॅकडोअर. कॅरिल आणि वेस्टहेड एका कोर्टवर! 2024 मध्ये अर्ल व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरीला गेला. लेकानं त्यांच्या मॅचच्या क्लिप कापून, प्रत्येक कट मोजून, कुठला पास दिला आणि कुठला दिला नाही याचा तक्ता केलाय. पास न मिळालेल्या कटचा रकानाही त्यानं आपणहून ठेवलाय. विल्यम्सबर्गला जायला साडेपाच-सहा तास लागतात, वाटेत वॉशिंग्टनचं ट्रॅफिक लागलं तर जास्तच. जानेवारीतला एक शनिवार आम्ही ठरवून टाकलाय.